गंजका पत्रा कुठवर कापायचा?

गंजलेली जुनी गाडी दारात आली की ग्राइंडर हातात घ्यायची घाई होते. ती थोडी आवरावी. आधी गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या काचेखालच्या जाळीत, छताच्या पन्हळीत आणि दारांच्या काचांवर पाइपने पाणी सोडावं आणि खाली वाकून ते कुठून बाहेर पडतं ते बघावं. दारांच्या तळाशी कारखान्याने ठेवलेल्या भोकांतून पाणी आलं तर ठीक. ते दारातच डुबडुबत राहिलं किंवा आत पायाखालच्या मॅटवर उतरलं, तर गाडी कुठे सडली असेल याचा अर्धा नकाशा हाती आला. रंगाचा फुगा मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात दिसतो. त्याच्यामागे वर्षानुवर्षं साठलेला चिखल, पाला आणि ओल असते. नुसता नवा तुकडा जोडून चिखलाची जागा तशीच ठेवली, तर तो तुकडाही त्याच जागी आणि त्याच क्रमाने सडतो. जुन्या गाड्यांच्या पत्राकामाबद्दल बोलताना वेल्डिंगचं मशीन कुठलं घ्यावं यावर लोक हिरिरीने भांडतात, पाण्याच्या वाटेबद्दल फारसं कुणी बोलत नाही. इथे दोन्हींचा आढावा घ्यायचा आहे, पण माझं पारडं पाण्याच्या बाजूला झुकतं, ते आधीच सांगितलेलं बरं.

हे काम घरी करू म्हणणाऱ्याला लोणी काळभोरसारखं गाव मानवतं. सोलापूर रस्त्यावरचं हे गाव. एकीकडे कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, दुसरीकडे रेल्वे स्टेशनच्या बाजूचे पेट्रोल-डिझेलचे डेपो आणि त्यांच्यापुढे उभे टँकर. टँकर आले की वेल्डर, डेंटर, पत्रा वाकवून देणारे, टायरवाले हे सगळे मागोमाग येतातच. वस्तीवरच्या घरापुढे गाडी महिनोन्महिने उघडून ठेवता येईल एवढं अंगण असतं, अवजारांसाठी उभारलेली पत्र्याची शेड असते. पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये ग्राइंडर चालू केला तर दुसऱ्या मिनिटाला सेक्रेटरी खाली येतात. हवाही बरी. पुणे शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शहराच्या पूर्वेला त्याहून कमी; मुंबईत दोन हजारांच्या वर, शिवाय समुद्राची खारी हवा. त्यामुळे एकाच सालच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांपैकी मुंबईत आयुष्य काढलेली आणि हवेली-दौंडकडे राहिलेली यांच्या तळात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. गाडी विकत घेताना नंबरप्लेटवरचं एमएच-०१ हे किलोमीटरच्या काट्यापेक्षा अधिक सांगून जातं.

अमेरिकन अर्थाची ‘मसल कार’ आपल्याकडे जवळजवळ आलीच नाही. तो प्रकार साधारणपणे १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओपासून धरतात, आणि त्या काळात परदेशी मोटारींना भारताची दारं बहुतांशी बंद होती. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला चालवलेली मोटारींची जुळणी १९५० च्या दशकातच थांबली होती. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून डॉज, प्लिमथ, डिसोटो निघत. त्या ऐटदार खऱ्या, पण आधीच्या पिढीच्या. मसल कारचा मान आपल्या लोकांनी मग कॉन्टेसाला दिला. इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचे साचे आणून हिंदुस्तान मोटर्सने ती १९८४ पासून काढली. लांब बॉनेट, रुंद खांदे, सिनेमात हमखास खलनायकाच्या दिमतीला. सुरुवातीला आत ॲम्बॅसिडरचंच १४८९ सीसी इंजिन होतं, म्हणजे देह पैलवानाचा आणि दम कारकुनाचा. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आल्यावर तिच्यात जरा जोर आला. २००२ मध्ये ती बंद झाली. मराठी घरांत मात्र कॉन्टेसापेक्षा अधिक जपून ठेवलेली दिसते ती पद्मिनी. १९६४ पासूनची फियाट ११००, तिचंच नाव १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झालं आणि २००० च्या सुमारास तिचं उत्पादन संपलं.

या दोन्ही गाड्यांना वेगळी चासी नाही. फ्लोअर, दाराखालची पोकळ तुळई म्हणजे सिल, खांब, छत या सगळ्या पत्र्यांनी मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. जुन्या महिंद्रा जीपचं उलट असतं: शिडीसारख्या चासीवर बोल्टांनी बसवलेली बॉडी सडली की अख्खी उतरवून दुसरी चढवता येते. म्हणून जीपवाल्याचा अनुभव पद्मिनीवाल्याला लागू पडत नाही. ‘अरे, काढ सगळं, नवीन घाल’ हा सल्ला ज्याने दिला त्याच्याकडे बहुधा जीप असते.

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो, एवढं शाळेत शिकवतात. पण मग सगळा पत्रा सारखा का गंजत नाही? गाडीत दोन पत्रे एकावर एक ठेवून स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात. त्यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत पाणी आपोआप ओढलं जातं आणि तिथून ते लवकर सुकत नाही. फटीच्या तोंडाशी हवा भरपूर, आत कमी. प्राणवायूच्या या फरकामुळे एक छोटा विजेचा घट तयार होतो आणि जिथे हवा कमी तिथलं लोखंड झिजत जातं. म्हणजे गंज सर्वांत खोल जातो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी. शिवाय गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतं. त्यामुळे दोन टाक्यांच्या मधे पत्रा फुगून उशीसारखा दिसू लागतो. मीठ असेल तर हे सगळं वेगाने होतं, कारण खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं आणि हवेतली ओल धरूनही ठेवतं. बॉडी विजेच्या साहाय्याने रंगात बुडवून पोकळ भागांत आतूनही प्रायमर पोचवायची पद्धत जगात १९६० च्या दशकात सुरू झाली. आपल्याकडच्या त्या पिढीतल्या गाड्यांची पोकळी उघडली की बहुतेक वेळा आत उघडा, तांबूस पत्रा दिसतो.

सडण्याच्या जागा त्यामुळे ठरलेल्या असतात. दारांचे तळ, पुढच्या मडगार्डचा दाराकडचा खालचा कोपरा, सिल, मागच्या चाकावरच्या कमानीची कड, डिकीत स्टेपनीची खोली, पायाखालचं फ्लोअर आणि बॅटरीखालचा ट्रे. ट्रेला पाण्याच्या जोडीला ॲसिडही लागतं. तपासायला महागडं काही लागत नाही. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवायचं. जिथे ते धरत नाही तिथे आधीच्या कुणीतरी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून ठेवलेली आहे. बोटाने टिचकी मारली की निरोगी पत्रा खणखणतो, लांबीचा थर भद्द वाजतो. शेवटी स्क्रू ड्रायव्हरचं टोक. मालकाला ते बघवत नाही, पण सिलमध्ये टोक आत जात असेल तर ते गाडी उघडण्याआधीच कळलेलं चांगलं. जुन्या गाड्यांच्या बाजारात सर्वांत जास्त फसवणूक याच एका जागी होते: खाली सडलेलं सिल, वर नवी पट्टी, मधे लांबी आणि बाहेरून चकचकीत रंग.

आता पत्रा आणायचा कुठून? अमेरिकेत मस्टँग किंवा कॅमॅरोवाल्याला हा प्रश्नच फारसा पडत नाही. तिथे रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्यामुळे गाड्या सडतात खूप. पण त्या प्रमाणात नव्याने छापलेले पत्रेही मिळतात. मडगार्ड, फ्लोअर, मागच्या चाकावरचा अख्खा भाग तर मिळतोच, पण काही मॉडेलांची पूर्ण नवी बॉडीसुद्धा विकत येते. तिथली पुस्तकं आणि व्हिडिओ हे गृहीत धरूनच बनवलेले असतात: जुना पत्रा टाके फोडून काढा, खोक्यातून नवा काढा, जोडा. आपल्याकडे ते खोकंच नसतं. ते व्हिडिओ बघून काम सुरू करणाऱ्याची गाडी अर्ध्यावर अडकते, ती बहुतेक याच कारणाने.

एके काळी मुंबईत पद्मिनी टॅक्सी हजारोंनी धावत होत्या. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे त्या हळूहळू मोडीत गेल्या आणि शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली. मोडीत निघणाऱ्या टॅक्सींची दारं, डिक्या, बॉनेट कुर्ल्याच्या भंगारबाजारात पोचत. तो ओघ आता आटला आहे. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात दिव्यांच्या कडा, हँडल, आरसे नशिबाने हाती लागतात. अख्ख्या मडगार्डच्या आशेने जाऊ नये. चेन्नईचं पुदुपेट आणि दिल्लीचं मायापुरी ही नावं या छंदातल्या सगळ्यांना पाठ असतात. कॉन्टेसाचं सामान पद्मिनीपेक्षाही दुर्मीळ. आणि या सगळ्या शोधाशोधीत एक गोष्ट ध्यानात येत नाही: दुसऱ्या गाडीचं दारही त्याच कोपऱ्यात सडलेलं असतं. पाण्याची वाट दोघींची एकच. म्हणून माझ्या मते जुना पत्रा शोधायचा तो त्याच्या वरच्या, गोलाईच्या भागासाठी, जो घरी ठोकून येणं अवघड. खालची चार-सहा इंचांची पट्टी नव्या पत्र्यातून वळवावी. ती बहुधा सपाट किंवा एकाच दिशेने वळलेली असते, आणि तेवढं हौशी हाताला जमतं.

पत्रा निवडताना चूक होऊ शकते ती शेडच्या पत्र्यामुळे. घरात उरलेला जस्ताचा पत्रा पडलेला असतो, तो गंजणार नाही असं वाटतं आणि तोच वापरला जातो. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्त जळतं, त्याचा पांढरा धूर नाकात गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, आणि टाकाही सच्छिद्र पडतो. वापरायचाच असेल तर कडेचं जस्त घासून काढावं लागतं आणि मग त्याचा उपयोगच काय? गाडीला लागतो तो साधा सीआरसी, म्हणजे थंड लाटलेला पत्रा. भारतीय मानक ५१३ मध्ये त्याच्या प्रती दिलेल्या आहेत. खोल ओढकामासाठीची डीडी किंवा ईडीडी प्रत मऊ असते आणि हातोडीखाली चांगली वळते. बाहेरच्या पत्र्यासाठी वीस गेज, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर, फ्लोअर आणि सिलसाठी अठरा गेज, सुमारे १.२ मिलिमीटर. मूळ पत्र्याची जाडी मोजून त्याला जुळणारा घ्यावा. जाड म्हणजे मजबूत हा हिशेब बाहेरच्या पत्र्याला लागू होत नाही, कारण जाड आणि पातळ जोडताना पातळ बाजू जळून भोक पडतं. आठ बाय चार फुटांच्या वीस गेज पत्र्याचं वजन साधारण एकवीस किलो भरतं. अर्ध्या गाडीला तो पुरतो.

वळवायची विद्या पुण्यात नवी नाही. कसब्यातल्या तांबट आळीत हंड्या-कळशांवर मठार मारणारे कारागीर पिढ्यानपिढ्या तेच करत आले: धातू कुठे ताणायचा, कुठे आवळायचा आणि ठोकून कडक झाला की तापवून पुन्हा मऊ कधी करायचा. तांबं पोलादापेक्षा दयाळू असतं एवढाच फरक. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापायचा, तो गाडीवर धरून बघायचा, मग पत्रा. लाकडाच्या ठोकळ्यावर कड वळवायची, वाळूच्या पिशवीवर गोलाई काढायची, आणि दर चार ठोक्यांनी गाडीला लावून बघायचं. मुळातला सडका तुकडा मात्र काम संपेपर्यंत भंगारात देऊ नये. त्यातली घडी, भोकांची अंतरं, दाराच्या कडेचा कोन हे सगळं दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

लेखाच्या नावातल्या प्रश्नाकडे आता यावं. पत्रा कुठवर कापायचा? दोन्ही बाजूंनी घासल्यावर पत्रा पूर्ण जाडीचा आणि चकचकीत दिसेल तिथवर, हे पहिलं उत्तर. चाळणीसारखी बारीक छिद्रं दिसत असतील तर अजून पुढे. पण या उत्तरात एक अडचण आहे. निरोगी पत्रा मिळाला म्हणून सपाट भागाच्या ऐन मध्यावर थांबलात, तर तिथला टाका सगळा पत्रा वाकडा करील. तापलेलं लोखंड प्रसरण पावतं. भोवतालचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून ते जागीच दाबलं जाऊन जाड होतं आणि थंड होताना मूळपेक्षा आखूड होतं. टाक्याची रेघ आवळली जाते आणि शेजारचा सपाट पत्रा डब्याच्या झाकणासारखा टकटक करू लागतो. घडीजवळ, कडेजवळ किंवा गोलाईत पत्रा मुळात ताठ असतो, तो हा ओढा सहन करतो. म्हणून जोड शक्यतो घडीच्या जवळ न्यावा, त्यासाठी दोन इंच निरोगी पत्रा जास्त कापावा लागला तरी चालेल. तुकड्याचे कोपरे गोल ठेवावेत. टोकदार कोपऱ्यात उष्णता साठते.

जोड एकावर एक घ्यायचा की कडेला कड लावून, यावर दोन तट आहेत. एकावर एक घेणं सोपं. भोक पडायची भीती कमी, मापात थोडी चूक असली तरी झाकली जाते. या बाजूचे लोक म्हणतात, कारखान्यानेही असंच केलं होतं. खरं आहे, आणि कारखान्याने जिथे तसं केलं तिथेच ती गाडी सडली. बाहेरच्या पत्र्यावर मी कडेला कड या बाजूचा आहे: फट नाही, मागून घासता येतं, हातोडी आणि मागे धरायचा लोखंडी ठोकळा, म्हणजे डॉली, यांच्यामध्ये धरून सरळ करता येतं. फ्लोअरला एकावर एक चालेल, पण दोन्ही बाजूंनी सीलर भरलाच पाहिजे आणि वरच्या पत्र्याची कड पाणी अडवून धरणार नाही अशा दिशेने ठेवली पाहिजे. कड दाबून पायरी काढायचं हत्यार मिळतं, त्याने वरून जोड सपाट दिसतो. दिसायला सुरेख, पण आत फट राहतेच.

वेल्डिंगच्या पद्धतींचा वाद मात्र गरजेपेक्षा जास्त रंगवला जातो. जुने डेंटर गॅसवर काम करत. गॅसने पत्र्याचा बराच भाग तापतो, पत्रा वाकतोही जास्त, पण टाका मऊ राहतो आणि ठोकून सरळ करता येतो. ज्याच्या हातात ते आहे त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. आपल्याकडे ज्याला सरसकट ‘सीओटू’ म्हणतात ते मिग वेल्डिंग नवशिक्याला सर्वांत सोयीचं. बारीक तार, ०.८ मिलिमीटरची किंवा मिळाली तर ०.६ ची, शुद्ध कार्बन डायऑक्साइडपेक्षा आर्गन मिसळलेला गॅस, म्हणजे टाका शांत बसतो. ‘आर्गन’ म्हणजे टिग वेल्डिंगने टाका सर्वांत नीट आणि मऊ येतो, पण त्याला निव्वळ स्वच्छ पत्रा लागतो, आणि सडलेल्या गाडीत निव्वळ स्वच्छ काहीच नसतं. ट्रॉली-नांगराला वापरतात ते रॉडचं मशीन या पत्र्याला लावूच नये. मशीन कुठलंही असो, शिस्त एकच: इंचभर अंतराने एकेक टाका, एक इथे तर दुसरा लांब तिकडे, मधे पत्रा हात लावण्याइतका थंड होऊ द्यायचा. सलग रेघ ओढायचा मोह झाला की काम बिघडलंच. टाके घासून झाल्यावर डॉली मागे धरून त्याच रेघेवर हलके ठोके द्यायचे, म्हणजे आखडलेली रेघ ताणली जाते. वस्तीवर संध्याकाळी पंप चालू झाले की व्होल्टेज पडतं आणि टाका धरत नाही, म्हणून हे काम दिवसा उरकावं.

सिल, खांब आणि स्प्रिंगांच्या माथ्याचा पत्रा हे वेगळं प्रकरण. इथे चुकलं तर गाडी मधे वाकते. बॉडीला योग्य जागी घोड्यांवर आधार द्यायचा, दाराच्या चौकटीत चौकोनी पाइपचा आडवा-तिरपा आधार तात्पुरता जोडायचा, दोन्ही बाजूंचे कर्ण मोजून भिंतीवर लिहून ठेवायचे आणि एका वेळी एकच बाजू कापायची. दर टप्प्यावर दार लावून कडेची फट बघायची. हे नियम सगळे जाणकार सारखेच सांगतात. तरी माझं मत असं, की बाहेरचा पत्रा घरी करावा आणि सांगाड्याचा पत्रा ज्याने आधी केलेला आहे अशा माणसाला शेजारी उभं करूनच करावा. त्याची मजुरी वाचवण्यासारखी नाही.

गंज काढण्याच्या पद्धतींत वाळूचा मारा सर्वांत झटपट, आणि बाहेरच्या पातळ पत्र्याचा सर्वांत मोठा शत्रूही. जवळून, जोरात मारला की बॉनेट कायमचं लाटालाटांचं होतं. वाळूच्या धुळीने फुप्फुसांचा सिलिकोसिस होतो, म्हणून घरच्या अंगणात तो मुळीच नको. फॉस्फोरिक ॲसिडचे ‘कन्व्हर्टर’ वरवरच्या गंजाला चालतात. पापुद्रे सुटलेल्या पत्र्यावर ते लावणं ही स्वतःची समजूत काढणं झालं. ऊसपट्ट्याला शोभणारा एक उपाय म्हणजे मळी. एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी अशा पिंपात बिजागऱ्या, कंस, हँडलचे सांगाडे आठवडा-दोन आठवडे बुडवले की गंज सुटून खालचं निरोगी लोखंड तसंच राहतं. ॲल्युमिनियम किंवा जस्ताचे ओतीव भाग मात्र त्यात खाल्ले जातात. वास येतो, आणि चांगलाच येतो. मळीवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचं नियंत्रण असल्याने ती किराणा मालासारखी आणता येत नाही, एवढं लक्षात ठेवावं.

लांबीची बदनामी जरा जास्तच झाली आहे. कारखान्यांतही छताच्या जोडांवर शिसं-कथिलाचा थर वितळवून भरत. शिसं विषारी, ते घासताना उडणारी धूळ घरात, मुलांत नेण्यासारखी नाही. आजची पॉलिएस्टर लांबी एक-दोन मिलिमीटरच्या पातळ थरात, पूर्ण वेल्ड केलेल्या आणि प्रायमर लावलेल्या पत्र्यावर वर्षानुवर्षं टिकते. ती भोक बुजवायला वापरली की पाणी मागून शोषून घेते.

आणि मग पुन्हा पाणी. मुंबईहून लोणीला येणारी हिंदुस्तान पेट्रोलियमची तेलवाहिनी जमिनीखालून येते, आणि अशा वाहिन्यांना गंजापासून वाचवायला विजेचा मंद प्रवाह देतात. हेच तत्त्व गाडीला लावणारी छोटी उपकरणं मधूनमधून विकायला येतात. पण वाहिनीभोवती ओली माती सतत असते, ती प्रवाह वाहून नेते. गाडीभोवती हवा असते. तो सौदा करू नये. डांबरी अंडरकोट नव्या, स्वच्छ पत्र्यावर ठीक, पण तडा गेला की तोच ओल दाबून धरतो. माझी पसंती इपॉक्सी प्रायमरला, सांध्यांत सीलरला, आणि सगळं झाल्यावर पोकळ भागांत लांब नळीने मारलेल्या मेणाला. मारून झाल्यावर तळाची भोकं तारेने मोकळी करायची. पत्रा उघडा करण्याचं काम दिवाळीनंतर काढून मे महिन्यापर्यंत प्रायमरखाली आणावं. जुलैत घासलेल्या पत्र्यावर सकाळपर्यंत तांबूस पूड उमटते.

धोक्यांविषयी लोणीकरांना वेगळं सांगायला नको. पेट्रोलची वाफ काय करते हे डेपोच्या शेजाऱ्याला ठाऊक असतं. तरी घरी विसर पडतो तो असा, की भरलेल्यापेक्षा रिकामी टाकी अधिक धोकादायक, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. टाकी उतरवून लांब ठेवल्याशिवाय मागच्या बाजूला ठिणगी नको. बॅटरीची तार सोडलेली हवी. फ्लोअरवरचे डांबरी थर आणि सीटांचा काथ्या आतल्या आत धुमसतात, म्हणून काम थांबल्यावर अर्धा तास तरी गाडीजवळ बसावं, हाताशी ओली गोणपाटं आणि आग विझवण्याचं नळकांडं ठेवून. घरगुती गॅसची टाकी तापवायला लावणं धोक्याचं तर आहेच, बेकायदाही आहे. दोन घटक मिसळून मारायच्या ‘टू-के’ रंगातल्या आयसोसायनेटला साधा मास्क पुरत नाही. रंग बाहेरूनच करून घ्यावा.

राहिला कायदा. १५ जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येतं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात आणि पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये लागतात. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. सडलेल्या फ्लोअरच्या जागी तसंच फ्लोअर घालणं हा फेरबदल की दुरुस्ती? माझ्या वाचनाप्रमाणे ती दुरुस्ती. मात्र ते दाखवायची जबाबदारी मालकावर येते. ऐतिहासिक वाहनांच्या फिवा या जागतिक संघटनेने २०१२ मध्ये मंजूर केलेली ट्युरिन सनदही मूळ वस्तू शक्य तितकी राखावी आणि केलेलं काम नोंदून ठेवावं असंच सांगते. म्हणून कापण्याआधीचे, कापल्यावरचे आणि जोडल्यावरचे फोटो तारखेसह ठेवावेत, आणि चासी नंबर कोरलेला पत्रा कितीही गंजला असला तरी जागेवरून हलवू नये. पद्मिनी नाव लावलेल्या पहिल्या गाड्यांनी पन्नाशी नुकतीच ओलांडली आहे. कॉन्टेसाची पहिली खेप २०३४ मध्ये तिथे पोचेल. तोवर ‘मोठा फेरबदल’ म्हणजे किती पत्रा, याचा खुलासा परिवहन खात्याने करायला हवा. नाहीतर तो प्रत्येक आरटीओत वेगळा होईल.